नवऱ्याच्या घरी जा नाहीतर तुरुंगात, कोर्टाने सांगितलं. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी केली

संसारात मन न रमलेल्या बायकोची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट कुठली, असं विचारलं तर पुस्तकं वाचणारी मंडळी हमखास एक नाव घेतात. मादाम बोव्हारी. गुस्ताव्ह फ्लोबेर या फ्रेंच लेखकाची ही कादंबरी १८५६ मध्ये पॅरिसच्या एका नियतकालिकात क्रमशः छापून आली आणि पुढच्याच वर्षी लेखकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. फेब्रुवारी १८५७ मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं आणि कादंबरी घराघरात पोहोचली.

कादंबरीची नायिका एमा. गावाकडच्या एका साध्यासरळ डॉक्टरची बायको. नवरा मारझोड करत नाही, दारू पीत नाही, उलट तिच्यावर जीव टाकतो. पण एमाचा त्याच्यात जीव रमत नाही. लग्नाआधी वाचलेल्या कादंबऱ्यांमधून तिने संसाराचं जे चित्र मनात रंगवलेलं असतं, त्यातलं काहीच तिला मिळत नाही. मग चोरून प्रेमप्रकरणं, उधारीवर उंची कापडं आणि सामान, डोक्यावर कर्जाचा डोंगर आणि शेवटी विष. एमा संपते.

आता प्रश्न असा, की एमाला सरळ नवरा सोडून द्यायचा असता तर? तर तिला ते जमलंच नसतं. फ्रान्समध्ये घटस्फोटाचा कायदा १८१६ साली रद्द झाला होता. तो परत आला १८८४ मध्ये. म्हणजे कादंबरी छापून आली तेव्हा फ्रान्समधल्या कुठल्याही बायकोसाठी ते दार बंदच होतं.

योगायोग असा, की ज्या १८८४ साली फ्रान्समध्ये ते दार उघडलं, त्याच वर्षी इकडे मुंबईत एका १९ वर्षांच्या मुलीला तिच्या नवऱ्याकडून नोटीस आली, आमच्या घरी नांदायला या म्हणून. ती मुलगी एमासारखी कागदावरची नव्हती. खरीखुरी होती. तिने चोरून काही केलं नाही, विषही घेतलं नाही. तिने भर कोर्टात सांगितलं की हे लग्न मला मान्य नाही.

तिचं नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. आईचं नाव जयंतीबाई, वडिलांचं जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी जयंतीबाई विधवा झाल्या. रखमाबाई तेव्हा जेमतेम अडीच वर्षांच्या होत्या.

हे कुटुंब सुतार समाजातलं. त्या काळच्या ब्राह्मण घरांमध्ये विधवेचं पुन्हा लग्न म्हणजे आकाश कोसळायची गोष्ट होती, पण सुतार समाजात पुनर्विवाहाची रीत होती. काही वर्षांनी जयंतीबाईंचं दुसरं लग्न झालं. नवरदेव होते डॉ. सखाराम अर्जुन राऊत. हे साधंसुधं नाव नव्हतं. ते ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवायचे, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या मंडळींमध्ये जे दोन भारतीय होते, त्यातले एक. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग.

दुसरं लग्न करताना जयंतीबाईंनी एक काम केलं. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या, म्हणजे रखमाबाईंच्या नावावर केली. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या भांडणात ही मालमत्ता दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा काढली गेली.

सखाराम अर्जुन सुधारक विचारांचे होते, पण त्यांनाही रूढी पूर्ण मोडता आली नाही. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलं गेलं. मुलगा होता सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला, एकोणीस वर्षांचा दादाजी भिकाजी. घरची परिस्थिती बेताची. ठरलं असं, की मुलगी सासरी जाणार नाही. जावईच सासऱ्यांकडे राहील, त्याच्या शिक्षणाचा खर्च सासरे करतील आणि तो शिकून शहाणा होईल.

तसं झालं नाही. रखमाबाईंच्या बाजूने पुढे सांगितलं गेलं त्याप्रमाणे दादाजींनी शिक्षणाकडे पाठ फिरवली, ते मामाकडे राहायला गेले आणि तिथे कर्जात बुडाले. शिवाय त्यांना क्षयाचा आजार जडला. इकडे रखमाबाई वयात आल्यावर घरच्यांनी गर्भाधानाचा विधी करून तिला नवऱ्याकडे पाठवायला हवं होतं, निदान रीत तशी होती. पण सखाराम अर्जुन डॉक्टर होते. कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींचं काय होतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नकार दिला.

मधल्या वर्षांत रखमाबाईंची शाळा बंद झाली होती. पण वाचन बंद झालं नाही. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं घरी यायची आणि रखमाबाई ती वाचून काढायच्या. घरी सुधारकांची ये-जा असायची. प्रार्थना समाज, आर्य महिला समाज यांच्याशी संबंध आला. म्हणजे इकडे मुलगी पुस्तकं वाचून मोठी होत होती आणि तिकडे नवरा म्हणवणारा माणूस अनोळखी होत चालला होता.

एमाही पुस्तकं वाचायची आणि रखमाबाईही. एमाला वाचनाने स्वप्नं दिली. रखमाबाईंना वाचनाने प्रश्न दिला. जे लग्न लागलं तेव्हा मला लग्न म्हणजे काय हेच कळत नव्हतं, त्या लग्नाने मी आयुष्यभर बांधली कशी जाते?

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या वकिलाचं पत्र सखाराम अर्जुन यांच्याकडे आलं. माझी बायको माझ्या घरी पाठवा. रखमाबाईंनी जायला नकार दिला आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. कायद्याच्या भाषेत हा वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा दावा होता. साध्या मराठीत सांगायचं तर बायकोला नांदायला पाठवा असा दावा.

इथे एक गंमत समजून घ्यायला हवी. हा दावा ना मनुस्मृतीतला, ना आपल्या जातपंचायतींचा. तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आला होता आणि इंग्रजी कोर्टांबरोबर भारतात पोहोचला होता. त्यातही कहर म्हणजे, कोर्टाचा असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकायची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्येच काढून टाकली. भारतात मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेत ती तशीच राहिली. म्हणजे लंडनमधल्या बाईला जी शिक्षा होऊ शकत नव्हती, ती मुंबईतल्या बाईला होऊ शकत होती.

खटला चालू असतानाच एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. रखमाबाईंचा सगळ्यात मोठा आधार गेला.

त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियामध्ये दोन पत्रं छापून आली. एक बालविवाहावर, दुसरं विधवांवर लादल्या जाणाऱ्या आयुष्यावर. पत्राखाली नाव नव्हतं, फक्त एक हिंदू स्त्री अशी सही होती. बालविवाहामुळे मुलाचं नुकसान होतं ते थोडं, मुलीचं मात्र शिक्षण, तब्येत आणि मन सगळंच जातं, असा त्या लिखाणाचा रोख होता. मुंबईभर चर्चा झाली. पत्रं लिहिणारी बाई दुसरी तिसरी कुणी नव्हती, ती रखमाबाईच होती.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांच्यासमोर खटला आला. रखमाबाईंच्या वकिलांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यांचा मुद्दा सरळ होता. पुनर्स्थापना म्हणजे आधी असलेलं परत आणून देणं. हे दोघं नवरा-बायको म्हणून कधी एकत्र राहिलेलेच नाहीत, तर परत काय आणायचं? नकळत्या वयात लग्न लागलेल्या मुलीला तिच्या मनाविरुद्ध एखाद्या माणसाच्या घरी पाठवणं हे त्यांना अमानुष वाटलं.

सुधारकांना आनंद झाला, पण सनातनी मंडळी खवळली. आणि फक्त सनातनीच नाही. लोकमान्य टिळक या प्रकरणात रखमाबाईंच्या विरोधात होते. केसरी आणि मराठा या पत्रांमधून टीका झाली. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या लग्नसंस्थेत हात घालू नये, ही त्यामागची भूमिका होती. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या मुली अशाच वागणार, हा सूरही होताच. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक होते. बालविवाहाविरुद्ध त्यांनी १८८४ पासून मोहीमच उघडली होती. जर्मन पंडित मॅक्स म्युलर यांनीही या प्रकरणावर लिहिलं.

दादाजींनी अपील केलं. मार्च १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांच्या खंडपीठाने पिन्ही यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा ऐकायला पाठवला. त्यांच्या मते हिंदू लग्नात संमतीचा प्रश्न येतच नाही. लग्न विधिवत लागलं की ते पक्कं. बायको कधी त्या घरात राहिली नाही, याने काही फरक पडत नाही.

मग खटला आला न्यायमूर्ती फॅरन यांच्यासमोर. ४ मार्च १८८७ रोजी त्यांनी हुकूम दिला. एका महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास.

रखमाबाई तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. त्यांच्यासमोर सोपे मार्ग बरेच होते. चार दिवस जाऊन परत यायचं. आजारपणाचं निमित्त करायचं. गाव सोडायचं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. मनाविरुद्धच्या त्या घरात पाऊल टाकण्यापेक्षा कायद्याने जी जास्तीत जास्त शिक्षा असेल ती भोगायला तयार आहे, असं त्यांनी कळवलं.

या उत्तराने सगळ्यांचीच पंचाईत झाली. एका सुशिक्षित, अब्रूदार घरातल्या तरुणीला काहीही गुन्हा नसताना तुरुंगात टाकायचं, तेही राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ५० वर्षं होत असताना, ही कल्पना सरकारलाही जड जात होती. रखमाबाईंच्या बचावासाठी समिती उभी राहिली. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांमध्ये प्रकरण गाजायला लागलं. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रखमाबाईंचं पत्र आलं. मागणी साधी होती. मुलाचं वय वीसच्या आत आणि मुलीचं पंधराच्या आत असताना लागलेलं लग्न, वाद कोर्टात आला तर कायदेशीर मानू नये.

दादाजीही गप्प बसले नाहीत. त्यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. या मुलीच्या घरच्यांना तिच्या नावावरची मालमत्ता हातची जाऊ द्यायची नाही, म्हणून ते तिला पाठवत नाहीत, असा त्यांचा आरोप होता. रखमाबाईंनी त्याला उत्तर दिलं. त्यांच्या बाजूचं म्हणणं उलट होतं. मालमत्तेवर डोळा आहे तो दादाजींचा आणि त्यांच्या मामाचा.

शेवट कोर्टात झालाच नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी रखमाबाईंवरचा हक्क सोडला.

राणी व्हिक्टोरियाने स्वतः हुकूम काढून हे लग्न मोडलं, अशी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ऐकायला छान वाटते. पण सुटका झाली ती राणीच्या हुकमाने नाही, तर या दोन हजार रुपयांनी. कायद्याच्या नजरेत रखमाबाई शेवटपर्यंत हरलेल्याच होत्या. फॅरन यांचा हुकूम चुकीचा होता असं कुठल्याही कोर्टाने म्हटलं नाही. हक्क मिळाला नाही म्हणून स्वातंत्र्य विकत घ्यावं लागलं. आणि ते विकत घेता आलं, कारण आईने मालमत्ता नावावर केली होती, सावत्र वडील पाठीशी उभे राहिले होते आणि शहरातली शिकलेली माणसं मदतीला आली होती. हे नसलेल्या हजारो मुलींचं नाव कुणाला माहीतही नाही.

सुटका झाली, आता पुढे काय? लग्नाच्या बाजारातून बाहेर पडलेल्या बाईने जगायचं कशावर?

मुंबईत तेव्हा कामा हॉस्पिटल नवीनच सुरू झालं होतं. तिथे डॉ. एडिथ पेची काम करत होत्या. या बाई स्वतः लढून डॉक्टर झालेल्या. एडिनबरा विद्यापीठात वैद्यकीय प्रवेशासाठी झगडलेल्या पहिल्या सात जणींपैकी एक. रखमाबाईंनी डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी प्रोत्साहन दिलं, पैसे उभे करायला मदत केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनीही देणगी दिली. १८८९ मध्ये रखमाबाई बोटीत बसल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या.

१८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. ब्रुसेल्सची एम.डी. मिळवली आणि मायदेशी परतल्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून पदवी घेऊन आल्या होत्या, पण १८८७ मध्ये, प्रॅक्टिस सुरू होण्याआधीच त्यांचं निधन झालं. बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनी काम सुरू केलं होतं. प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांमध्ये रखमाबाईंचं नाव येतं ते यामुळे.

१८९५ च्या सुमारास त्या सुरतच्या स्त्रियांच्या दवाखान्याच्या प्रमुख झाल्या. सुरुवातीला बायका बाळंतपणाला दवाखान्यात यायलाच तयार नव्हत्या. तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीची सुटका दवाखान्यात करून दाखवली आणि मग बायकांची भीती गेली, अशी आठवण सांगतात. सुरतमध्ये त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ काढला. मग राजकोटच्या जनाना हॉस्पिटलमध्ये गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. एकूण पस्तीस वर्षांची डॉक्टरकी.

ज्या मुलीला कोवळ्या वयात नवऱ्याकडे पाठवायला एका डॉक्टर वडिलांनी नकार दिला होता, तिने पुढची पस्तीस वर्षं बायकांच्या बाळंतपणात आणि आजारपणात घालवली. त्यात कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुली किती असतील, याचा अंदाज तो काळ बघितला तर कुणालाही येईल.

मधे १९०४ मध्ये दादाजी वारले. आणि रखमाबाईंनी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. विधवेची.

या गोष्टीने आजही वाचणारे गोंधळतात. जे लग्न मान्य नाही म्हणून तुरुंगात जायची तयारी केली, त्या लग्नातल्या नवऱ्याचं वैधव्य कशाला पाळायचं? समाजाचा धाक होता, रुग्णांचा विश्वास टिकवायचा होता की मनात दुसरंच काही होतं, याचे तर्क वेगवेगळे लोक करतात. रखमाबाईंनी दुसरं लग्नही केलं नाही. पण एवढं खरं, की तडजोडीने दादाजींनी हक्क सोडला होता, लग्न मोडलं नव्हतं. आणि ज्या समाजात त्या रोज दवाखाना चालवत होत्या, तो समाज त्यांना दादाजींची बायकोच समजत होता. कोर्टातलं भांडण संपलं तरी लग्नाची सावली संपली नव्हती.

म्हणून त्या गप्प बसल्या असं मात्र नाही. म्हातारपणी त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदीत, त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता आणि हिंदू स्त्रीला पहिल्यांदाच देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला होता. रखमाबाईंनी तो दिवस पाहिला.

त्यांच्या खटल्याने नेमकं काय बदललं? लगेच फार काही नाही. पण या खटल्याने पेटलेला वाद विझला नाही. १८९० मध्ये बंगालमधलं फुलमणी प्रकरण पुढे आलं. नवऱ्याच्या जबरदस्तीने एका बालवधूचा जीव गेला होता. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये निघाली. आणि १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, की पंधरा वर्षं पूर्ण होण्याआधी लग्न लावलेली मुलगी अठरा वर्षांची व्हायच्या आत ते लग्न नाकारू शकते आणि त्या आधारावर घटस्फोट मागू शकते. १८८७ च्या पत्रात रखमाबाईंनी मुलींसाठी नेमकं हेच पंधरा वय मागितलं होतं. मधे ८९ वर्षं गेली.

मराठी साहित्यातही हा प्रश्न पोहोचला. वाशिममध्ये १९०७ साली जन्मलेल्या गीता साने यांनी १९३० च्या दशकात अशाच कादंबऱ्या लिहिल्या. संसारात घुसमटणाऱ्या आणि त्या घुसमटीला प्रश्न विचारणाऱ्या नायिका त्यांनी मराठी वाचकांसमोर आणल्या.

आणि आज? त्याच वाशिम जिल्ह्यातल्या केनवडसारख्या गावात एखाद्या अल्पवयीन मुलीचं लग्न लावलं गेलं, तर तिला रखमाबाईंसारखं श्रीमंत वडील आणि लंडनची वर्तमानपत्रं लागत नाहीत. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, असं लग्न रद्द करून मागता येतं. लग्न लागण्याआधीच ते थांबवायचं असेल तर गावातला ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ हा नंबर फुकट लागतो.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. नांदायला पाठवा हा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजूनही आहे. नवराही करू शकतो, बायकोही. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. तुरुंग गेला, दावा राहिला.

एमा बोव्हारीची गोष्ट जगाला माहीत आहे, कारण फ्लोबेरने ती अप्रतिम लिहिली. रखमाबाईंची गोष्ट लिहायला तसा कुणी कादंबरीकार मिळाला नाही. ती हायकोर्टाच्या निकालपत्रांत, वर्तमानपत्रांतल्या पत्रांत आणि सुरत-राजकोटच्या दवाखान्यांत विखुरलेली आहे. पण केनवडची एखादी मुलगी आज मला हे लग्न नको म्हणते आणि कायद्याला ते ऐकून घ्यावं लागतं, त्यामागे २२ व्या वर्षी तुरुंगात जायला तयार झालेल्या या बाईचा हात आहे.